पेटीतला आवाज

“झाला हो सेट दुरुस्त, काका. आता बोला दोन शब्द. पोचू दे जगाला,” म्हणत मिस्त्रीने माइक काउंटरवरून पुढे सरकवला.

गळ्याला रुमाल बांधलेले काका नुसते हसले. बोलल्या त्या शेजारी उभ्या असलेल्या काकू. “ते कुठले बोलतायत. ऑपरेशनात घसा कापलाय त्यांचा. ते बटण दाबतात, सेट बोलतो. घरी मी बोलते, तेवढं पुरतं.”

काकांनी रेडिओच्या पहिल्या बटणावर बोट ठेवलं. दिवा लागला, पण सेट बोलला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा, बंद दारावर थाप मारावी तसं जरा जोरात.

“यांचा आवाज कुठं गेला?” काकूंनी विचारलं.

गच्चीवर तार ताणून, घरबसल्या साता समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांशी बोलायचा काकांचा छंद. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली नेहमीची हाक सेटमध्ये भरून ठेवली होती. बटण दाबलं की ती हाक जायची. कुठून तरी ओ आली की पुढचं बोलणं काका मोर्सच्या, म्हणजे तारेच्या भाषेतल्या, कट्ट-कडकट्टवर करायचे. देवाने घसा नेला, पण हाक मारायचं सुख तेवढं मागे ठेवलं होतं.

मिस्त्रीच्या आता लक्षात आलं. ती हाक सेटच्या जुन्या सर्किट बोर्डात होती, आणि जुना बोर्ड त्याने सकाळीच पेटीत टाकला होता.

हल्ली दुरुस्ती म्हणजे एवढंच. बोर्ड कोणता गेला ते कॉम्प्युटर सांगतो. जुना उपसायचा, नवा बसवायचा, जुना भिंतीतल्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पेटीला वर फट. आत गेलेलं हाताला लागत नाही. गाडी येऊन पेटी नेते, कंपनीत नंबर जुळवतात आणि बोर्डांचा चुरा करतात. डाग द्यायची सोल्डरिंग गन कंपनीने टेबलावरून केव्हाच उचलून नेली होती. पूर्वी हाच मिस्त्री सेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला भंडावून सोडायचा. कुठे ठेवता, काय ऐकता, आत काही भरलंय का. हात फक्त अदलाबदलीला उरले, तशी विचारायची सवयही मोडली. आणि नेमकं तिथेच घात झाला.

आवाज जुन्या बोर्डाबरोबर पेटीत गेलाय, एवढं काकूंना सांगून तो आत मॅडमकडे गेला. दुकान सांभाळणाऱ्या मॅडम त्याच्याहून वयाने लहान, पण दिवसभर स्क्रीनपुढे बसून डोळे थकलेले.

“पेटी उघडा. तासाभराचं काम आहे. एक बारीक पार्ट जळलाय. डाग देतो, आवाज उतरवून घेतो, बोर्ड परत टाकतो.”

“डाग दिलेला बोर्ड कंपनीला कळतो, दादा. तुमच्या आधीचे मिस्त्री कशाने कामावरून गेले, विसरलात?”

“माणसाचा आवाज आहे तो, मॅडम.”

“कळतंय मला.” त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली. “पण चावी माझ्याकडे कुठाय? मी पण तुमच्यासारखीच. फक्त माझी खुर्ची फिरते.”

मिस्त्री बाहेर आला. पेटीच्या झाकणाला चारच स्क्रू होते आणि त्याच्या हातात पेचकस होता. वर कॅमेरा. घरी मुलीचं कॉलेज, आईची औषधं आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, हा रोजचाच प्रश्न. तो पेटीपुढे जाऊन उभा राहिला. पेचकस स्क्रूला लावला. फिरवता येईना, काढून घेववेना.

मनगटावर कुणाचा तरी हात आला. काका काउंटरला वळसा घालून आत आले होते. त्यांनी एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे, आणि मान हलवली. नको. मग पेचकस त्याच्या हातातून अलगद काढून टेबलावर ठेवला.

बाहेर येऊन त्यांनी माइक काकूंच्या हातात दिला.

“इश्श, मी काय बोलू?” काकू मागे सरकल्या. “मला यातलं काय येतंय?”

काकांनी भुवई उंचावली. चाळीस वर्षं भिंतीपलीकडे स्वयंपाक कोण करत होतं, असंच जणू.

“ऐकून ऐकून कान किटले माझे, त्याला येणं म्हणत नाहीत,” काकू पुटपुटल्या. मिस्त्रीने आवाज भरायचं बटण दाबून धरलं. काकूंनी पदर सारखा केला, डोळे मिटले. “कोणी आहे का... कोणी ऐकतंय का... मी इथे आहे.” दोन वाक्यांच्या मधे काका जेवढे थांबत तेवढंच त्या थांबल्या. शेवटी काका खाकरत, तशा हलकेच खाकरल्याही.

काकांनी बटण दाबून ते ऐकलं. डोळे पुसले नाहीत. सेट उचलला, मिस्त्रीपुढे मान लववली आणि काकूंच्या मागून पायरी उतरले.

गाडीवाला आला तेव्हा मिस्त्री पुढचा सेट उघडून बसला होता. गाडीवाल्याने भिंतीतली पेटी सोडवली आणि रोजच्यासारखी खांद्यावर भिरकावली. आत बोर्ड खळखळले.

“सावकाश ने रे,” मिस्त्री म्हणाला.

“मोडायलाच तर चाललेत.”

मिस्त्री हातातलं काम थांबवून पेटीकडे बघत राहिला. गाडीवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पेटी खांद्यावरून उतरवली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि सावकाश बाहेर नेली.