अरक्कू साडी आणि माझी दोन बटणं

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, आणि पहिल्या दिवसापासून माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. १९९८ साली सिंगापूरला राहणाऱ्या गावातल्या एका जावयाने मला कुंभकोणमला आणलं आणि कल्याणरामांच्या स्टुडिओत ठेवलं. माझ्या पोटात रोल नाही हे कळताच गिऱ्हाइकं सावध झाली. निगेटिव्ह नाही म्हणजे पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मित्रांनो, माझ्या पाठीवर रंगाची दोन बटणं आहेत. एकाने रंग फिके किंवा भडक होतात. दुसऱ्याने छटाच सरकते. कारखान्यात दोन्ही मध्यावर ठेवली होती. तशी ती फार दिवस राहिली नाहीत.

पुढच्या वर्षी जवळच्या साक्कोट्टै गावात कृष्णवेणीचा निश्चय, म्हणजे साखरपुडा झाला. नवऱ्या मुलाची आई सीतालक्ष्मीमामी. तिने सुनेसाठी लाखेसारखी लाल, इथल्या बोलीत अरक्कू, रेशमी साडी आणली होती. ती नेसून कृष्णवेणी फोटोसाठी भावी सासूसासऱ्यांच्या मधे उभी राहिली. त्याआधी मामी कल्याणरामांच्या कानाशी लागली होती.

"मुलगी जरा उजळ दिसू दे. कुणाला सांगू नको."

कल्याणरामांनी छटा पिवळ्याकडे सरकवली आणि रंग भडक केला. मुलगी हळदीसारखी आली. साडी मात्र शेंदरी झाली.

आठवड्याने मामी नवऱ्यासह, फोटो घेऊन मुलीच्या दारात हजर. "ही आमची साडी नव्हे. मी दिली ती विकलीत, की बहिणीला दिलीत?"

कृष्णवेणीच्या आईने पेटीतून साडी काढून दाखवली.

"आज कुठूनही आणाल. फोटो काय सांगतो ते बघा. हे लग्न राहू दे."

कल्याणरामांना बोलावणं गेलं. ते मला घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यंत्र नवं आहे, मामी. त्याचं काही सांगता येत नाही." बटणांचं नाव त्यांनी काढलं नाही. मामीनेही काढलं नाही. दोघंही माझ्याकडे बघायचं टाळत होती.

कृष्णवेणीने फोटो खिडकीशी नेला. मग ती भावी सासऱ्यांकडे, हनुमंतरावांकडे वळली. त्यांच्या कपाळावर रोजची अंगाऱ्याची काळी रेघ होती आणि तिच्याखाली तांबडी अक्षत, म्हणजे गंधाचा गोल ठिपका.

"मामा, त्या दिवशी शेंदूर लावला होता?"

"आम्ही माध्व वैष्णव, अक्षतच लावतो. शेंदूर कशाला लावू गे?"

"मग फोटोत तुमची अक्षत शेंदरी कशी? मामींचं कुंकूसुद्धा."

हनुमंतरावांनी फोटो पाहिला. मग तो बायकोपुढे धरला. "सीता, माझी अक्षतही यांनीच विकली काय?"

मामीने साडीची घडी घातली आणि स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली.

लग्न झालं. त्याचे फोटो रोलच्या कॅमेऱ्याने काढले. ते न्यायला मामी स्टुडिओत आली ती साडीचा एक धागा घेऊन. प्रत्येक फोटोशी तो जुळवून बघितला, मगच गेली.

मी तेव्हापासून कपाटात आहे. मित्रांनो, माझी बटणं खुशाल फिरवा. पण ती एकट्या मुलीपुरती फिरत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्यांच्या कपाळापर्यंत पोचतात. म्हणून काम झालं की दोन्ही मध्यावर आणून ठेवत जा.

कल्याणरामांनी अजून ठेवलेली नाहीत.