सात नंबरचा बांगडा

सात नंबरच्या बांगड्याच्या मांसात इतर बांगड्यांपेक्षा दुप्पट लोह निघालं, तेव्हा सरांनी आनंदाच्या भरात ताईंना चक्क बसायला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

ताईंचं काम तसं सोपं. माशाची कातडी आणि काटे काढायचे, मांस वाळवायचं, भट्टीत जाळून राख करायची आणि राखेतली खनिजं मोजायची. सहा वर्षं त्या रोजंदारीवर हेच करत होत्या. आता प्रयोगशाळेत एकच कायमची जागा निघाली होती आणि शिफारस सरांच्या हातात होती.

खुर्ची मिळाल्यावर ताईंना एकदम भरून आलं आणि त्या खरं बोलून बसल्या.

"सर, त्या दिवशी माझं बोट कापलं होतं. रक्त मांसात पडलं. ते जास्तीचं लोह माशाचं नाही, माझं आहे."

सरांनी उठून दार लोटून घेतलं.

"अहवाल वर गेलाय," ते म्हणाले. "वरचे म्हणतात, आणखी तीन माशांत तेवढंच दाखवा." मग त्यांनी सुरी अलगद ताईंपुढे सरकवली. "दुसरा हात वापरा. त्या बोटाला जरा विश्रांती. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

ताईंनी कायमच्या जागेचा विचार केला आणि तीन बोटं कापली. एका बांगड्याला एक.

चार दिवसांनी आकडे आले. जेमतेम दीडपट.

"हे काय हो ताई?" सर कळवळले. "पहिल्यांदा किती छान जमलं होतं! अंगात रक्तच नाही तुमच्या. जरा मासे खात जा. आपलाच अहवाल आहे, वाचला नाहीत?"

तेवढ्यात भट्टी सांभाळणारा पैलवान राखेचा ट्रे घेऊन आत आला. त्याला हे काम ताईंनीच शिकवलं होतं. सरांनी त्याच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली आणि शिफारशीचा कागद तिथल्या तिथे त्याच्या नावाने लिहिला. खाली एक ओळ जोडली: प्रशिक्षण ताई देतील.

पैलवानाने ताईंच्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि बिचकत बाही सरसावली.

"ताई, फार दुखतं का हो?"

"छे रे! मुंगी चावल्यासारखं," ताई म्हणाल्या आणि खण उघडून त्यांनी त्याला धार गेलेली सुरी शोधून दिली.