पोथीवरची शेंदरी फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. पण लगेच नाक मुरडू नका! नेपाळातल्या पाटण शहरात, वज्राचार्य या बौद्ध पुरोहितांच्या घरी, प्रज्ञापारमितेच्या पोथीवर मी मानाने विसावते. निळ्याशार पानांवर सोन्याची अक्षरे असलेली ही पोथी. तिचे वरचे पांघरूण मी.

पूर्णमुनी चित्रकाराने माझ्या आतल्या अंगावर प्रज्ञापारमिता देवी रंगवली. साऱ्या बुद्धांची ती आई. पिवळीधमक कांती, चार हात, एकात पोथी, एकात जपमाळ. तिचे डोळे रेखले त्या दिवशी त्याने व्रत म्हणून उपास धरला होता. असे रूप लाभल्यावर मी थोडा तोरा मिरवला, तर बिघडले कुठे?

माझे बाहेरचे अंग मात्र लोकांचे. घरात आजारपण आले की गुरुजू, म्हणजे आमचे पुरोहित, जमतात, पोथीची पाने आपसांत वाटून घेतात आणि सगळे एकदम मोठ्याने वाचतात. त्या गलक्यात बायका मला चंदन, शेंदूर, अक्षता लावतात. पिढ्यान्‌पिढ्या साचून माझ्यावर जाड तांबडा थर चढला.

एकदा घरातली चिमुरडी मयजू तापाने फणफणली. पाठ ठरला. अशी मळकट फळी देवीला कशी चालेल, या धास्तीने तिची आई हेराशोभा कोमट पाणी आणि घासणी घेऊन बसली. एक कोपरा खरवडलाही.

"अगं, थांब! काय आरंभलंयस हे?" सासू चिनीमाया ओरडली.

"सासूबाई, केवढी घाण आहे ही! देवी कोपली म्हणजे?"

"घाण? यात तुझ्या नवऱ्याचा टिळा आहे. तोही असाच तापला होता, तेव्हा मी लावलेला."

"मग... उतरला ताप?"

"नाहीतर बेलफळाशी लागलेल्या लग्नावरच भागवावं लागलं असतं तुला!"

आमच्याकडे मुलींचे पहिले लग्न लहानपणी बेलफळाशीच लागते. रडवेल्या हेराशोभाला हसू फुटले. खरवडलेल्या जागी तिने लेकीच्या नावाचा शेंदूर बोटाने दाबून लावला. पाठ झाला, पोथी मयजूच्या डोक्याला टेकवली. पुढे ताप उतरला. काहीजण वैद्याच्या काढ्याचे नाव घेतात. मी ऐकून न ऐकल्यासारखे करते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका. पण घासणी हाती घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. माझ्यावरचा एकेक टिळा कुण्या आईने लेकरासाठी बोटाने लावला आहे. तो पुसायचा अधिकार कुणालाच नाही.