बहिरूच्या फोनवर आलेलं समन्स

मी कोळवणच्या बहिरूचा फोन बोलतोय. मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा. बहिरूची बायको रंभाबाई तांदूळ निवडत होती, मी फळीवर चार्जिंगला होतो. टुंग झालं.

"वाजला बघा तुमचा," ती भिंतीवरच्या फोटोला म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

आलं होतं कोर्टाचं समन्स, रंभाबाईच्याच नावाचं. हल्ली ते व्हॉट्सॲपवरही बजावतात. शेजारी फार्महाऊस घेतलेल्या शैलेशसाहेबांना गाडीसाठी तिच्या भातखाचरातून रस्ता हवाय. सोमवारी हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालेल, असं त्यात लिहिलंय.

नंबर शैलेशसाहेबांनी मुद्दाम चुकवला नाही. गावात माणसागणिक नंबर कुठून असणार? घराला एक असतो. आमच्या घराचा मी. फार्महाऊस घेताना त्यांची बहिरूशी बोलणी माझ्यावरच झाली होती, म्हणून कोर्टात रंभाबाईच्या नावापुढे त्यांनी मलाच लिहून दिलं.

बहिरूने मला पिरंगुटच्या दुकानातून आणलं, उरवड्याच्या कारखान्यातला बोनस झाला तेव्हा. "कुटं हायेस?" असं तो इतक्या जोरात विचारायचा, की मी मध्ये नसतो तरी चाललं असतं. रोज पहाटे पन्नास जणांना गुलाबाची फुलं पाठवायचा. त्यातला एकही गुलाब त्याने रंभाबाईला दिलेला मी पाहिला नाही.

गेल्या वैशाखात तो गेला. तेव्हापासून ती मला रोज पुसते, चार्ज करते. दुकानातली किमया दर महिन्याला कुरकुरते, "मावशी, बोलायचं न्हाई तर रिचार्ज कशाला मारता?"

"वाजतो ना. तेवढंच."

गुरुवारी कोर्टाचे बेलिफ दयानंद आले. पलीकडच्या नथूकडे फोनच नाही, म्हणून त्याचा कागद हातानेच द्यायचा होता. तो देऊन ते आमच्या ओट्यावर चहाला टेकले.

"निम्मं काम आता फोनच करतो, मावशी. आमच्या हापिसातला दुसरा माणूस मेसेज टाकतो, दोन टिक आल्या की बजावणी झाली. माझ्या चपला वाचल्या."

"मग तुमी काय करता?"

"चहा पितो!"

रंभाबाई हसली. तेवढ्यात दाराजवळच्या फळीवरून मी पुन्हा टुंग केलं. कुणाचे तरी गुलाब.

"कुणाचा फोन?"

"ह्यांचा."

"बघू का काय आलंय?"

"कुलूप हाय त्याला. आकडा त्यांनाच ठावं."

दयानंदांनी फोटोकडे पाहिलं. "असू द्या," म्हणाले, कप खाली ठेवला आणि गाडीला किक मारून गेले. त्या माणसाने आजवर दारोदार हाका मारून समन्स वाचून दाखवलीत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

कोर्टात माझ्या नंबरापुढे दोन टिक लागल्यात. आज शनिवार. समन्स अजून कुणी उघडलेलं नाही.