साडेअकराशेची बचत

केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन निघालो आणि दोन किलोमीटरवर पोरीची गाडी बंद पडली. पहिला फोन मी लावला. विम्याच्या कंपनीला नाही, तिथंच शेत असलेल्या माझ्या ओळखीच्या नानाजीला. देवळीत चाळीस वर्षं माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. वर्ध्यापासून केळझरपर्यंत असं गाव नाही जिथं अण्णाजी म्हटल्यावर चार माणसं धावून येणार नाहीत. याची मला घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही.

ज्योत्स्ना माझी एकुलती एक. नऊ वर्षांची असताना बैलबंडीवरून पडली आणि डावा पाय अधू झाला. पुढे शिकली, बोरगाव मेघेच्या शाळेत गणित शिकवायला लागली, पण देवळीहून जाणं-येणं दुसऱ्यांच्या भरवशावर. बसमध्ये चढताना कोणीतरी दंडाला धरायचं आणि ‘बिचारी’ म्हणायचं. तिला ते अजिबात खपत नसे. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. मागच्या वर्षी तिनं आपल्या पगारातून गाडी घेतली, जुनीच, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काही काम नाही. पहिल्या दिवशी ती एकटी शाळेत गेली आणि एकटी परत आली. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळं पाहिलं, मग आत जाऊन एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो, कारण डोळे भरून आले होते.

वर्ष झालं आणि तीन आठवड्यांपूर्वी विमा नव्यानं काढायची वेळ आली. पैसे तिचे, पण भाव करायचं काम घरात माझं. एजंट योगेंद्र दुकानात येऊन बसला. ज्योत्स्नानं त्याला सांगून ठेवलं होतं की रस्त्यावर गाडी बंद पडली तर उचलून नेण्याची सोय त्यात हवी. तो म्हणाला, लहान कव्हर आहे, त्यात दहा किलोमीटरपर्यंत ओढून नेतात, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. मोठं कव्हर साडेअकराशेचं, त्यात पन्नास किलोमीटर. मॅडमनी मोठं सांगितलंय. मी हसलो. म्हटलं, रस्त्यावर आपली माणसं आहेत, अनोळखी माणसाला साडेअकराशे कशाला द्यायचे? दोन्ही कव्हरं कापून टाकायला लावली. तिला काही सांगितलं नाही. दुकानात बसलेल्या लोकांना मात्र तीन दिवस सांगत होतो की पोरीचे साडेअकराशे वाचवले.

तर त्या दिवशी गाडीनं दोन झटके दिले आणि इंजिन बंद. ज्योत्स्नानं गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते केले, डिकीतला लाल त्रिकोण काढून मागं नेऊन ठेवला. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही. मग फोन हातात घेतला. ती कंपनीला फोन लावणार, तिकडून कोणीतरी म्हणणार की मॅडम, तुमच्या पॉलिसीत हे नाहीच. मी घाईनं म्हटलं, राहू दे, नानाजी येऊन राहिला.

नानाजी दहा मिनिटांत आला. त्याचं शेत जवळच. ट्रॅक्टर, मागं जाड साखळी, सोबत तीन-चार माणसं. आमच्या भागात ही रीतच आहे. कोणाचीही गाडी अडली की ट्रॅक्टरनं ओढून न्यायची, चहाचेही पैसे घ्यायचे नाहीत, आणि पुढं वर्षभर त्याची गोष्ट सांगायची. नको म्हणणं म्हणजे घरी आलेल्याला पाटावरून उठवणं. नानाजी खाली बसून साखळी अडकवायची जागा शोधू लागला. वर्ध्यापर्यंत नेऊन देतो म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

ज्योत्स्ना नेहमीची काठी न घेता चालत आली आणि साखळीवर हात ठेवून उभी राहिली.

“काका, थांबा. ही गाडी ओढता येत नाई. ऑटोमॅटिक हाये. इंजिन बंद असताना चाकं फिरली तं गिअरबॉक्स जळते.”

नानाजी मान वर करून माझ्याकडे पाहू लागला. त्यानं आयुष्यात जीप ओढल्या, ट्रक ओढले, एकदा लग्नाची अख्खी बस ओढली. आता एक पोरगी त्याला सांगत होती की ओढायचं नाही. मी तापट माणूस आहे, आणि आत भीतीही होती, तेव्हा तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, मोठी माणसं मदतीला आली, त्यांचा मान ठेव. ती शांतपणे म्हणाली की असा ट्रक असतो जो गाडी अख्खी पाठीवर घेऊन जातो, चाक जमिनीला लागत नाही. गिअरबॉक्स गेली तर लाखाच्या वर खर्च आहे, तेवढे तिच्याजवळ नाहीत, आणि मग उद्यापासून पुन्हा बस.

तिचं खरं होतं. पुढं गॅरेजवाल्यानं सांगितलं की उंदरानं वायर कुरतडली होती, अडीचशे रुपयांचं काम, पण गाडी सव्वीस किलोमीटर ओढत आणली असती तर गिअरबॉक्स हाती लागली नसती. पण त्या घडीला मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की साखळी लावली आणि तिचं खरं निघालं तर पोरीचे पाय जातात, आणि नाही लावली तर माझी अब्रू जाते. नानाजी हुक हातात घेऊन वाट पाहत होता. लाज वाटते सांगायला, मी थोडा वेळ खरंच विचार केला.

मग म्हटलं, “नानाजी, साखळी काढून घे. गाडी तिची हाये, ती म्हणन तसं होईन.” आणि त्याच दमात, चार लोकांसमोर, ज्योत्स्नाला सांगून टाकलं. “पण बाई, फोन लावून फायदा नाई. ते कव्हर मी कापलं. तुले न सांगता.”

तिनं फोनवरून नजर उचलली नाही.

“मले माहीत हाये, बाबा. योगेंद्रनं त्याच संध्याकाळी सांगतलं. मी दुसऱ्या दिवशी मोठं टाकून घेतलं. पन्नास किलोमीटर, पाठीवर उचलणाऱ्या ट्रकासकट.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी दुकानात सगळ्याइले सांगून राह्यले होते, पोरीचे पैसे वाचवले म्हणून. एवढे खुश होते. मंग मी काय बोलू?”

एकवीस दिवस ती माझ्यासमोर जेवायला बसली होती, माझी फुशारकी ऐकली होती, आणि एका शब्दानंही मला खाली पाडलं नव्हतं. आजवर मी समजत होतो की या पोरीला मी सांभाळतो.

फोन लागला. पलीकडच्या बाईनं गाडीचा नंबर घेतला, जागा विचारली, दीड तास लागेल म्हणाली. स्पीकर सुरू होता म्हणून सगळं ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं की मॅडम, तुम्ही रस्त्यावर एकट्या आहात का?

“नाही,” ज्योत्स्ना म्हणाली, “माझे वडील सोबत आहेत. मला काही काळजी नाही.”

नानाजीला राग आला होता, हे त्याच्या नाकावरून दिसत होतं. पण तो गेला नाही. ट्रॅक्टर त्यानं आमच्या गाडीच्या मागं आडवा लावला, म्हणजे भरधाव ट्रकांनी दुरून पाहावं, आणि बांधावर बसून दीड तास कपाशीच्या भावाबद्दल बोलत राहिला.

पावणेसहाला ट्रक आला. गाडी हळूहळू वर चढली, चारही चाकं ट्रकच्या पाठीवर. ड्रायव्हर खाली उतरला, रिवाजाप्रमाणे मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, काकाजी, मालक म्हणून इथं बोटानं सही करा.

“मालकीण ती हाये,” मी म्हटलं. “मी तं तिच्यासोबत आलेला मानूस.”

चाळीस वर्षांत माझी ओळख मी अशी कधी सांगितली नव्हती. नानाजी ऐकत होता, त्याची माणसं ऐकत होती, तरी मला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्योत्स्नानं सही केली, ट्रकच्या उंच पायरीवर उजवा पाय ठेवला, दांडा धरला आणि एकटी वर चढली. मी हात पुढं केला नाही.