कालीपासाठी कोण रडणार

माझी थोरली बहीण कालीपा सकाळी गेली आणि दुपारच्या आत अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. पडद्याआड तिला ठेवलं. पडद्याच्या अलीकडे भिंतीकडे तोंड करून आम्ही बायका बसलो आणि बाहेर काठ्या टेकून पुरुष उभे राहिले. आता बायकांनी कोशोक म्हणायचा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या आठवणी गात रडायचं. बाहेर पुरुषांनी हंबरडा फोडायचा. आमच्या खोऱ्यात असंच चालत आलंय.

पण तंबूत कोणी गात नव्हतं. बायका चहाचे घोट घेत कुजबुजत होत्या, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसल्यासारख्या.

"काय गं तुरसून, दातखिळी बसली का सगळ्यांची?" मी शेजारणीला विचारलं.

"मनाई आहे बाई. इमामसाहेब सांगून गेलेत. मोठ्यानं रडलं की मेलेल्या जिवाला कबरीत त्रास होतो म्हणे."

इमामसाहेब म्हणजे इलियाझ, माझाच विद्यार्थी. बेडूक कापायचा म्हटल्यावर वर्गाच्या खिडकीतून पळाला होता.

मी या गावच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. माकडापासून माणूस झाला असं सांगायची, म्हणून गावानं माझं नाव माकडीण बाई ठेवलं. देव नाही हे सांगायला तेव्हा कम्युनिस्ट सरकारच मला गावोगाव पाठवायचं. मग सरकार बदललं. माझ्या भाषणांना अध्यक्ष म्हणून बसणाऱ्यांनी दाढ्या वाढवल्या आणि मशिदीत पहिली रांग धरली. मी मात्र तेच बोलत राहिले, कारण मला ते खरं वाटत होतं. आता तेही सोडलंय. मशिदीला नवा पत्रा आला आणि शाळा अजून गळते, तरी गप्प बसते. नातवाच्या गळ्यात सुनेनं ताईत बांधला, तोही बघून न बघितल्यासारखं केलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून हात दुखायला लागले.

कालीपा नमाज पढायची, आठवलं तर. पण गावात मयत झाली की पहिलं बोलावणं तिला. आमच्या दारुड्या काकासाठीसुद्धा तिनं असं काही म्हटलं होतं, की त्याला शिव्या देणारी त्याची बायको ढसाढसा रडली. गेल्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळल्यावर ती मला म्हणाली होती, "सगळ्यांचं मी म्हटलं. माझं कोण म्हणणार गं? तूच म्हण."

"मला गाता येत नाही. आणि तू कुठे ऐकणार आहेस?"

"मी ऐकणार आहे असं कुठे म्हटलं, माकडीण? भिंतीकडे तोंड करून बस आणि माझं नाव घे, झालं."

मी हो म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

म्हणून मी उठले आणि बाहेर मेदेरकडे गेले. मेदेर तिचा एकुलता एक मुलगा. मॉस्कोत बांधकामावर गेला तेव्हा दारू प्यायचा, परत आला तो पाच वेळा नमाज पढत. दारू सुटली म्हणून कालीपानं मला साखर वाटायला लावली होती. तो काठी धरून उभा होता आणि ओठ इतके आवळलेले की पांढरे पडले होते.

"मेदेर, तुझी आई मला कोशोक म्हणायला सांगून गेलीय. मी म्हणणार आहे."

"मावशी, नको. मी पाया पडतो तुझ्या."

"त्या इलियाझला मी बघते."

"इलियाझचं नाही गं." त्याचा आवाज फुटला. "शेवटी शेवटी तिला किती दुखत होतं, तू बघितलंयस. कूस बदलली तरी ओरडायची. आता कुठे सुटली. माझ्या रडण्यानं तिला परत दुखायला लागलं तर?"

माझ्याकडे वाद घालायला सगळं तयार होतं. तोंडपाठ होतं. पण सकाळपासून हा पोरगा आईला दुखू नये म्हणून रडू गिळून उभा होता. मी नुसता त्याचा हात धरला.

मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"मावशी, तू एवढं शिकलीस. तुला खात्री आहे ना, की तिला आता काहीच होत नाही? काहीच ऐकू येत नाही?"

आयुष्यभर हे मी पोटतिडकीनं सांगत आले, कोणाच्या कानात शिरलं नाही. आज एकानं आपणहून विचारलं. पण मान डोलावली तर कालीपा खरंच संपणार होती.

"खात्री आहे," मी म्हणाले. "ना दुखत, ना ऐकू येत."

"नक्की?"

"नक्की, बाळा."

त्यानं काठीवर कपाळ टेकलं. "आई गं!" त्याचा हंबरडा पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला. दाढीवाले चुळबुळले, कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "गप, गप" म्हणालं. त्यानं तो हात झटकला.

मी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माझा आवाज कावळ्यासारखा. चाल येईना, यमक जुळेना. कालीपा, तू मला शाळेत पाठवायला स्वतःचे बूट दिलेस. कालीपा, तुझे पाय बर्फात फुटले. एवढंच परत परत म्हणत राहिले. तुरसूननं चहाची वाटी खाली ठेवली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड झाकलं.

पडद्याच्या पलीकडे ऐकणारं कोणी नाही याची मला खात्री होती. तरी प्रत्येक ओळीनंतर मी जरा थांबत होते. आणि जन्मात पहिल्यांदा मला त्या खात्रीचा राग आला.