उजव्या पायावरची खूण

मी एक जुनी, लाकडी, घडीची शिडी आहे. पायऱ्या सात. सातवी कुरकुरते, पण ते वय झालं म्हणून नव्हे. सुतारानं मला घडवलं त्या दिवसापासून तिची ही खोड आहे. मित्रांनो, चित्रांचं दालन तुम्ही पाहिलं असेल. तिथं चित्र दिसतं, खाली चित्रकाराचं नाव दिसतं. ते भिंतीवर चढलं कुणाच्या पाठीवरून, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगायला बसले आहे.

दालनात चित्रं टांगायचं काम एकाच माणसाकडे होतं. त्यांचा खिसा सदा खिळ्यांनी भरलेला, म्हणून सगळे त्यांना खिळेकाका म्हणत. चढण्यापूर्वी ते माझ्या पहिल्या पायरीवर हातानं दोनदा थोपटत. ते थोपटणं झालं की माझ्या अंगात बळ येई.

कामाच्या पहिल्याच दिवशी काका मोजपट्टी आणि डबा, दोन्ही घरी विसरले. काकू डबा तेवढा घेऊन आल्या. काकू अंगानं लहानखुऱ्या. काकांनी मला मिटून भिंतीला उभं केलं, काकूंना माझ्याशेजारी उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर माझ्या उजव्या पायाला चाकूनं खाच पाडली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू.

"तुला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं," काका म्हणाले.

त्यानंतर तीस वर्षं प्रत्येक चित्राचा मध्य त्याच खुणेवर आला. मोजपट्टी घरीच राहिली. उंच माणसं कुरकुर करत. काका त्यांना सांगत, "वाका की जरा. वाकलं की माणूस नीट बघतो."

माझ्या आयुष्यातले सोन्याचे क्षण म्हणाल तर चित्रस्नेही मंडळाच्या संध्याकाळी. स्वतः एक रेघही न ओढणारी, पण चित्रांवर जीव टाकणारी ही माणसं वर्षातून एकदा जमत. एक निवृत्त शिक्षिका, एक बेकरीवाले, आणखी दहा-वीस जण, आणि अध्यक्षा दंतवैद्य बाई. मंडळाची रीत अशी, की तळघरात पडून राहिलेलं, कधीच भिंतीवर न लागलेलं एक चित्र त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत टांगायचं. काका खिळा ठोकून उतरले, की दंतवैद्य बाई खिळा हलवून बघत आणि म्हणत, "माझ्या पेशंटांचे दात एवढे घट्ट असते, तर माझा दवाखाना चालला नसता." दरवर्षी हाच विनोद, आणि दरवर्षी सगळे पोट धरून हसत. खरंच, काय दिवस होते ते.

तळघरात काकांचं एक लाडकं चित्र होतं. लहानसंच, काचेच्या चौकटीतलं. स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली बाई. काकू डबा घेऊन आल्या की काका त्यांना चिडवत, "तळघरात तुझी बहीण बसलीय. अगदी तुझ्यासारखी चिडलेली." काकू म्हणत, "मग दाखवा तरी." पण तळघरात बाहेरच्यांना मज्जाव. "भिंतीवर लागेल तेव्हा बघ," काका म्हणत. तिचा नंबर काही लागेना. तीस वर्षं हेच चाललं.

मग काका आजारी पडले आणि गेले. मला ते कुणी सांगितलं नाही. पायरीवर थोपटणारा हात आला नाही, त्यावरून मी समजले. नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, पण मापाचा फार पक्का. त्यांनी यंत्रानं उजेडाची रेघ पाडून सगळी चित्रं वीतभर वर चढवली. कामाला अल्युमिनियमची शिडी आली. माझी रवानगी तळघरात झाली, त्या बटाटेवाल्या बाईच्या शेजारी. दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

एके दिवशी आम्हा दोघींनाही वर नेलं. मंडळानं काकांच्या आठवणीसाठी यंदा तेच चित्र निवडलं होतं आणि काकूंना मुद्दाम बोलावलं होतं. मला वाटलं, आता आपण पुन्हा कामाला उभ्या राहणार! पण यंदा चित्र आधीच टांगून त्यावर पडदा सोडला होता, आणि मला त्याच्याजवळ नुसतं शोभेला ठेवलं. प्रत्येक पायरीवर एक फुलांची कुंडी. उद्या हिला भंगारात द्यायची, असं कुंड्या ठेवणारे बोलत होते. मला रडू आलं, पण लाकूड रडून करणार काय?

काकू आल्या. आधीच लहानखुऱ्या, त्यात वयानं आणखी आटलेल्या. पडदा सरला, टाळ्या झाल्या. काकू चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. टाचा उंचावल्या, मान मागे टाकली. खालून त्यांना काचेत फक्त दिव्यांची चमक दिसत होती.

"कसं वाटलं, काकू?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"छान आहे," काकू म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण मला दिसलं नाही. तीस वर्षं वाट बघितली हो मी."

व्यवस्थापक ओशाळून म्हणाले, "काकू, उंची नियमाप्रमाणेच घेतलीय."

काकूंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मला ओळखलं होतं. कुंडीची पानं बाजूला सारून त्यांनी माझ्या उजव्या पायावरची खाच बोटानं चाचपली. "ही बघा," त्या म्हणाल्या, "ही मी."

दंतवैद्य बाईंनी पहिली कुंडी स्वतः उचलली, बाकीच्या मंडळींनी उरलेल्या. व्यवस्थापकांनी मला मिटून भिंतीला उभं केलं आणि खुणेवर पेन्सिल टेकवली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की काकूंचे डोळे आता खुणेच्याही दोन बोटं खाली आहेत.

"आणखी खाली घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको. यांची खूण आहे ती. मान मीच जरा वर करीन."

मग मला उघडलं. व्यवस्थापक पहिल्या पायरीवर चढले, तेवढ्या वजनानंही वरची सातवी कुरकुरली, नवा खिळा बसला, चित्र खाली आलं. काकू बघत राहिल्या, कितीतरी वेळ. त्या बाईचा चेहरा, हातातली सुरी, पायाशी पडलेली सालं.

"चिडलेली कुठेय?" अखेर त्या म्हणाल्या. "दमलीय ती. हे असते तर सांगितलं असतं."

आणि जाता जाता त्यांनी माझ्या पहिल्या पायरीवर हातानं दोनदा थोपटलं.

मित्रांनो, मी भंगारात गेले नाही. आजही त्याच दालनात आहे. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर तिच्यावरून एकदा बोट फिरवून बघा. तिच्यावर कुणाची तरी उंची कोरलेली असेल.